श्वास कुठे घ्यायचा

युनिटमध्ये त्याला काठी म्हणत. अंगकाठीवरून म्हणत की हातातल्या काठीवरून, हे ठरवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नव्हतं. तो बूम धरायचा. म्हणजे नटनटी बोलत असताना लांब दांड्याच्या टोकाला लावलेला माइक त्यांच्या डोक्यावर, चौकटीच्या जेमतेम बाहेर, अधांतरी धरून उभं राहायचं. माइक चित्रात दिसायला नको, त्याची सावली भिंतीवर पडायला नको, आणि धरणाऱ्याचा आवाज तर मुळीच यायला नको. पडद्यावर सिनेमा बघणाऱ्याला असा कुणी इसम जगात आहे अशी शंकासुद्धा आली नाही, तर काम चोख झालं असं समजायचं. वीस-एक वर्षं काठीबद्दल कुणाला शंका आली नव्हती.

टेक चालू असेपर्यंत हा माणूस दगड असे. नाकावर माशी बसली तर माशीच कंटाळून उठायची. पण ‘कट’ झाला की अंगात वारं भरल्यासारखा सुटायचा. खुर्चीवर बसला तर एक पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत राहायचा. चहाचा कप हातात घेऊन सेटला तीन फेऱ्या मारायचा आणि चहा शेवटी कुठेतरी खिडकीत गार होऊन सापडायचा. दिवसभर साठवलेली हालचाल तो सुटे पैसे खर्चावेत तशी संध्याकाळी उधळायचा. घरी बायकोनं ही सवय लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ओळखली होती. दुसरी सवय ओळखायला तिला जरा वेळ लागला: झोपेत हा इतका बिनआवाजी श्वास घ्यायचा की तिनं घाबरून कितीदा तरी त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं होतं.

आणि मग त्या दुपारी माइक चित्रात आला.

प्रसंग मरणाचा होता. म्हातारा नट खरोखरीचं रडला, जे तो गेली कित्येक वर्षं रडला नव्हता. सगळं युनिट जीव मुठीत धरून उभं. आणि शेवटच्या ओळीला चौकटीच्या वरच्या कडेतून एक काळी केसाळ वस्तू हळूच खाली डोकावली आणि पुन्हा वर गेली. काठीच्या खांद्यानं अर्धा क्षण राजीनामा दिला होता. टेक गेला. म्हातारा पुन्हा रडला, पण दुसऱ्यांदा तो नुसता अभिनय होता.

दिग्दर्शक ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जवळ आला आणि मऊ आवाजात म्हणाला, “काठी, दमलास का रे?”

या मऊपणानं काठीची झोप उडाली.

साउंड रेकॉर्डिस्ट साहेब मात्र मऊ बोलणाऱ्यांतले नव्हते. कानावरचे हेडफोन मानेवर घेत त्यांनी सरळच विषय काढला. “पुढच्या महिन्यात आई-मुलाच्या भांडणाचा शॉट आहे. चार खोल्यांतून, मधे कट नाही. सात-आठ मिनिटं. तिच्या साडीला खळ आहे, छातीला माइक लावला तर नुसती खरखर ऐकू येईल. म्हणजे बूमच. तुला जमणार असेल तर आत्ता सांग, नाहीतर मी त्या दुसऱ्याला सांगतो.”

तो दुसरा म्हणजे तिशीचा एक गडी होता. खांदे दाराच्या फळीएवढे. फक्त भात्यासारखा श्वास घ्यायचा, पण ते आता मशीनवर पुसता येतं म्हणतात.

“जमेल,” काठी म्हणाला.

“कसं जमेल?”

“व्यायाम करतो.”

साहेबांनी त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. या प्रवासाला फार वेळ लागला नाही, कारण वाटेत बघण्यासारखं काही नव्हतं. “कर,” ते म्हणाले.

काठी व्यायाम करणार हे युनिटला कळल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. सिनेमाच्या सेटवर निम्मा वेळ वाट बघण्यात जातो, आणि वाट बघणाऱ्या माणसाइतका जाणकार कुणी नसतो. लाइटमन म्हणाला, रोज करायचं, एक दिवस चुकला की पहिल्यापासून. मेकअपमन म्हणाला, एक दिवसाआड, आणि उपाशीपोटी. कॅमेऱ्याचा मदतनीस म्हणाला, उपाशीपोटी केलात तर स्नायू स्नायूलाच खातो. कपडेपटवाल्या बाई म्हणाल्या, वजनं उचलू नका हो, अंग फुगतं, मग मापं बदलतात. अंग फुगण्याचा धोका काठीला आयुष्यात प्रथमच दिसत होता, आणि तो त्याला मनातून आवडला. एकानं अंडी सांगितली, एकानं अंडी सोडायला सांगितलं. घाम आला नाही तर व्यायाम फुकट, असं तिघांचं एकमत झालं. ते तिघेही घाम येऊ नये म्हणून पंख्याखाली बसले होते.

घरी आल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून एक-एक सल्ला बायकोला सांगत होता. ती शाळेत गणित शिकवायची आणि समोर उत्तरपत्रिका होत्या.

“यातलं खरं कुठलं?” त्यानं विचारलं.

“बस आधी.”

“बसलोय.”

“उभा आहेस तू. आणि फ्रीजचं दार तिसऱ्यांदा उघडलंयस.” तिनं मान वर केली नाही. “ज्याचं ते काम आहे त्याला विचार. मी माझी मुलं मेकअपमनकडे पाठवते का गणिताला?”

जिम फरशीच्या दुकानाच्या वर होती. रबराची जमीन, एका भिंतीला आरसा, आणि छताला एक पंखा, ज्याचं बेअरिंग गेलेलं होतं. हे काठीला जिन्यातच ऐकू आलं. ट्रेनर पस्तिशीची बाई होती. पूर्वी स्पर्धेत वजनं उचलायची. आता मान आणि खांदे यांच्यामध्ये सीमारेषा अशी राहिलेली नव्हती. तिनं आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला ती त्याशिवाय हात लावू देत नसे. चिठ्ठी आली तेव्हा तिनं विचारलं, “काका, कशासाठी करायचंय?”

“हात वर करून उभं राहायचंय.”

“किती वेळ?”

“आठ मिनिटं.”

“शिक्षा आहे का?”

त्यानं काम समजावून सांगितलं. ऐकता ऐकता ती हसायची थांबली. मग त्यानं प्रश्नांची सरबत्ती सुरू केली, आणि ती हातमोजे चढवत उत्तरं देत गेली. रोज यायचं का? नाही, आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून. मग उरलेल्या दिवशी? उरलेल्या दिवशी काही नाही. काही म्हणजे? काही नाही म्हणजे काही नाही, काका. हलकं वजन पुष्कळ वेळा की जड वजन थोड्या वेळा? जे उचलताना शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटेल आणि तरी ढब बिघडणार नाही, ते. दुखलं तर? दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकला तर तो नियम आहे, उचलता उचलता सांध्यात कळ आली तर थांबायचं. अंग फुगेल का? यावर तिनं त्याच्या दंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “चिंता करू नका.” घाम? “घाम उन्हात उभं राहिलं तरी येतो.” महिन्यात दिसेल का काही?

“दिसणार नाही. पण जमायला लागेल. आधी डोकं शिकतं, कुठला स्नायू कधी कामाला लावायचा ते. मांस नंतर.”

मांसाची त्याला घाई नव्हती. त्यानं जागच्या जागी चुळबुळ करत विचारलं, “मग सुरू करायचं?”

तिनं त्याला पाय रोवायला शिकवलं, पोट आवळायला शिकवलं. हात खांद्यातून नव्हे, पाठीतून वर न्यायला शिकवलं. हाडावर हाड रचलं की भार हाडं घेतात, म्हणाली. विद्यार्थी फार गुणी निघाला. एकदा दाखवलेली ढब तसूभर हलत नव्हती. सगळ्यांत नवल म्हणजे त्याच्या वजनांचा आवाज होत नव्हता. बाकीचे लोक डंबेल खाली असे टाकत की खालच्या दुकानातली फरशी हादरे, आणि हा लोखंड असं ठेवत होता की जणू खाली कुणाचं बाळ झोपलंय.

“वा,” ती म्हणाली. “आता बारबेल. खांद्यापासून वर. दहादा.”

सातव्या-आठव्या खेपेला त्याचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला. तरी ढब सुरेख होती. दहावी खेप झाली, त्यानं बारबेल स्टँडवर बिनआवाज टेकवली, तिच्याकडे वळला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि गुडघ्यातून दुमडला. तिनं काखेत हात घालून त्याला धरला म्हणून आरसा वाचला.

बाकावर बसवून, पाणी पाजून ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. “काका, सकाळी खाल्लं होतं?”

“खाल्लं होतं.”

“पुन्हा करून दाखवा. नुसते हात, वजन नको.”

त्यानं केलं. ती त्याच्या खांद्यांकडे बघत नव्हती, छातीकडे बघत होती. “तुम्ही श्वास कुठे घेताय?”

काठी विचारात पडला. हा प्रश्न त्याला वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. हात डोक्यावर गेले की त्याचा श्वास बंद व्हायचा, तो बंद करायचाही नाही, आपोआप व्हायचा, दिवा घालवला की अंधार होतो तसा. टेकमध्ये संवादांच्या फटीतून तो कणाकणानं हवा चोरून घ्यायचा. इथे संवाद नव्हते, म्हणून फटीही नव्हत्या.

“घेतच नाही बहुतेक,” तो म्हणाला.

“दम कोंडून जोर लावला की रक्तदाब चढतो. दम सोडलात की धाडकन उतरतो. मग माणूसही उतरतो. वर ढकलताना श्वास सोडायचा. मोठ्यानं.”

“मोठ्यानं?”

“मला ऐकू आला पाहिजे.”

ही त्या जिमच्या इतिहासातली सगळ्यांत अवघड शिकवणी ठरली. काठी लोखंड वर न्यायचा आणि ओठांतून मेणबत्तीची ज्योतही हलणार नाही इतपत फुंकर सोडायचा.

“नाही आलं ऐकू.”

“सोडला मी.”

“मग आकडे म्हणा. प्रत्येक खेपेला एक आकडा. तोंडानं बोलणाऱ्याला दम कोंडता येत नाही.”

तो आकडे कुजबुजला. शेजारी एक आडदांड माणूस प्रत्येक खेपेला म्हशीसारखा हंबरत होता, त्यानं थांबून सहानुभूतीनं पाहिलं. “काका, लाजू नका,” तो म्हणाला. “इथे सगळे ओरडतात.”

हे काठी विसरू शकत नव्हता की त्याची भाकरी न ओरडण्यावर चालत होती. श्वास सोडायला शिकलो तर वजन उचलता येईल, आणि श्वास सोडताना सापडलो तर उचलायला वजनच राहणार नाही. घरी जाताना हा गुंता डोक्यात घेऊन तो आपला थांबा सोडून दोन थांबे पुढे उतरला.

पंधरा दिवसांत फरक पडला. बूम हातात हलका वाटू लागला, आणि इथेच त्याचं बिनसलं. तीन दिवसांत एवढं, तर सहा दिवसांत किती, असा हिशेब त्यानं मांडला. घरात गणिताची शिक्षिका असूनही तो हिशेब त्यानं तिला दाखवला नाही. विश्रांतीच्या दिवशी ती शाळेत गेली की तो मोरीतल्या पाण्याच्या दोन कॅन डोक्यावर धरून दिवाणखान्यात उभा राहायचा. आधी एकदा, मग सकाळ-संध्याकाळ. रिकामं बसणं त्याला कधी जमलंच नव्हतं, आणि आता तर भीतीही होती: बसलेल्या दिवसांत तो दुसरा गडी उभा असेल.

तिसऱ्या आठवड्यात बारबेल मागच्या वेळेइतकी वर जाईना. चौथ्यात त्याहून कमी. केस विंचरताना हात लटपटू लागला.

“विश्रांतीच्या दिवशी काय करता?” ट्रेनरनं विचारलं.

“काही नाही.”

संध्याकाळी तिनं त्याच्या घरचा फोन लावला. पलीकडून बायकोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तरीच. माझ्या दिवाणखान्यात गालिच्यावर दोन गोल ओले डाग पडतात रोज. मला वाटलं छत गळतंय. मी गवंडी बोलावणार होते.”

शॉट तीन दिवसांवर आला होता. दुसऱ्या दिवशी ट्रेनरनं काठीला जिन्यातच अडवलं. “आत यायचं नाही. आजपासून शूटिंगपर्यंत काही उचलायचं नाही. कॅन नाही, पिशवी नाही.”

“पण मॅडम, आता शेवटचे दिवस. आत्ता तर जास्त—”

“ताकद इथे येत नाही काका. इथे फक्त स्नायू मोडतो. तो भरून येतो झोपेत आणि रिकामपणी. तुम्ही दोन आठवडे भरायलाच दिलेलं नाही. आता दिलेत तर थोडं येईल हाताशी. नाही दिलंत, तर तिसऱ्या खोलीत माइक खाली येणार, मी लिहून देते.”

त्यानं हातपाय गाळले नाहीत, कारण तेवढं स्थिर राहणंही त्याला जमलं नाही. पुढचे दोन दिवस त्या घरानं कसे काढले ते त्या घरालाच ठाऊक. तो पेपर उघडायचा आणि मिटायचा. खिडकीशी जायचा, परत यायचा. बायकोनं रजा टाकली होती आणि कॅन शेजारणीकडे ठेवायला दिल्या होत्या.

“तेवढी तुरीची बरणी तरी काढून देऊ वरची?”

“नको. आपण दोन दिवस तुरीशिवाय जगू.”

“मी जातो जरा चालायला.”

“चाल. हात खिशात.”

तो तासाभरानं परतला तेव्हा ती उत्तरपत्रिका तपासत होती. तो समोर बसला. मग तो म्हणाला, “त्याला घेतलं तर मला दुसरं काय येतं?”

तिनं लाल पेन खाली ठेवलं. टोमणा जिभेवर आला होता, तो तिनं गिळला. “काही येत नाही,” ती म्हणाली. “म्हणून झोप.”

तो झोपला नाही, पण आडवा पडून राहिला. त्याच्या हिशेबानं ही फार मोठी मजल होती.

शॉटच्या दिवशी चार खोल्यांच्या त्या घरात पन्नासभर माणसं भिंतींना चिकटून उभी होती. आई झालेली नटी मोठ्या नावाची होती आणि बोलायला रोखठोक. मुलगा नवखा होता. ‘अॅक्शन’ झालं. काठी उलटा चालत निघाला. पहिली खोली, दुसरी खोली. पाठ धरून होती, हाडावर हाड होतं. तिसऱ्या खोलीत खांदे पेटले, पण माइक तसूभर खाली आला नाही. चौथ्या खोलीत डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले तेव्हा त्याला शिकवणी आठवली, आणि त्यानं श्वास सोडला. चोरून नव्हे. सोडला.

“कट.”

दिग्दर्शकाचा चेहरा फुलला होता. साहेब मात्र हेडफोन कानावर दाबून पुन्हा ऐकत होते. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

“चौथ्या खोलीत मुलाच्या ओळीवर कुणाचा तरी श्वास आहे, मशीनवर पुसला तर ओळही जाईल,” ते म्हणाले.

“आईचा असेल,” दिग्दर्शक म्हणाला. “भांडतेय ती.”

“माझा नाही,” नटी म्हणाली. “मी तिथे श्वास घेत नाही, मी तिथे रुसते.”

“माझा आहे,” काठी म्हणाला.

सेटवर काठीचा आवाज बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला. कुणीतरी तर मागे वळून पाहिलं.

साहेबांनी डोळे मिटले. “मग आता? परत जाईल का वर हात? त्या दुसऱ्याला बोलावलंय मी, बाहेर गाडीत बसलाय तो.”

हे काठीला ठाऊक नव्हतं. तोंडावर आलं होतं, ‘आत्ता करू, लगेच करू,’ हात तर दांड्याकडे निघालेही होते. ते त्यानं खाली घेतले. “जाईल,” तो म्हणाला. “पण लगेच नाही. मला पाच मिनिटं बसू द्या.”

“पन्नास माणसं उभी आहेत.”

“त्यांना पण बसू द्या.” मग तो नटीकडे वळला. तिच्याशी तो आयुष्यात बोलला नव्हता. “बाई, चौथ्या खोलीत तुम्ही कपाट लावता. हळूच लावता. ते जरा आपटून लावलंत तर मला श्वास घेता येईल. आणि दुसऱ्या खोलीत तुमचा मुलगा खुर्ची ओढतो, तिथे एक. दोन मोठे मिळाले की बाकीचं चोरून भागतं.”

नटी त्याच्याकडे बघत राहिली. “आपटायचंच होतं मला ते कपाट,” ती म्हणाली. “हेच नको म्हणाले.” तिनं दिग्दर्शकाकडे बोट दाखवलं.

दिग्दर्शकानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “पाच मिनिटं,” ते म्हणाले. “बाहेरच्याला चहा द्या कुणीतरी.”

काठी लाकडी खोक्यावर बसला. पन्नास माणसांच्या नजरेसमोर, हात मांडीवर टाकून, काहीही न करता. महिन्यातला सगळ्यांत अवघड व्यायाम तो हाच. मधे दोनदा उठावंसं वाटलं, दोन्ही वेळा त्यानं आकडे मोजायला सुरुवात केली, पुटपुटत, शेजारच्याला ऐकू जाईल असे.

दुसऱ्या टेकला मुलानं खुर्ची ओढली, काठीनं हवा भरून घेतली. चौथ्या खोलीत नटीनं कपाट असं आपटलं की वरचा पितळी दिवा हलला. मुलगा खरंच दचकला, आणि त्या आवाजाच्या पोटात काठीनं मनसोक्त श्वास सोडून नवा घेतला. माइक होता तिथेच होता.

“कट.”

साहेबांनी हेडफोनवर पुन्हा ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता. काठी उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होता. मग साहेबांनी हेडफोन काढले आणि मदतनिसाला म्हणाले, “बाहेरच्याला सांग, जा म्हणावं.”

काठीच्या खांद्यांना एव्हाना आपण कुणाचे आहोत याचाही विसर पडला होता. तो दांडा आवरायला वाकला तेव्हा साहेब शेजारी येऊन उभे राहिले.

“पुढचं काम डोंगरावर आहे. वारा फार. माइकला मोठं जाड कव्हर लागेल, टोकाला वजन वाढेल.”

“किती वाढेल?”

साहेबांनी अंदाजानं सांगितलं.

“आणि मधे दिवस किती आहेत?” काठीनं विचारलं. “म्हणजे त्यातले बसायचे सोडून?”